रिसायकल बरणीत लोणचं भरायचं का? आधी बरणीचा मागचा जन्म विचारा

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगावजवळ तुमचा घरगुती उद्योग आहे: लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. आतापर्यंत नव्या पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात त्या प्लास्टिकच्या, बरण्या घेत होता. आता बरणीवाल्याने रिसायकल प्लास्टिकच्या स्वस्त बरण्या दाखवल्या आणि सोबत ‘फूड ग्रेड’ लिहिलेला लॅबचा रिपोर्ट दिला. पुण्यातला एक दुकानदारही रिसायकल बरणीच मागतोय. घरचे म्हणतात त्यातून विष उतरतं, बरणीवाला म्हणतो काही होत नाही. दोन पोती बरण्या नमुन्याला म्हणून आधीच घरात येऊन पडल्या आहेत.

खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची तपासणी हे माझं रोजचं काम. सांगली, मिरज, जयसिंगपूर पट्ट्यातले भडंगवाले, मसालेवाले, बेदाणावाले हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्याच माहितीवर उत्तर हवं असेल तर या बरण्यांत काही भरू नका. लोणचं आणि चटणी तर अजिबात नको. पण ‘रिसायकल म्हणजे विष’ हेही खरं नाही. नीट शुद्ध केलेलं रिसायकल पेट जगात अनेक ठिकाणी पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना वापरलं जातं, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. तुमच्या हातातली बरणी त्या जातीची आहे का, एवढंच ठरवायचं आहे.

त्यासाठी बरणी कशाची आहे यापेक्षा ती आधी काय होती, हे विचारा. आपल्याच भागातलं बघा. द्राक्षबागेत औषध मारायचं असलं की मोठ्या डब्यातलं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत मोजून नेलं जातं. मोटारसायकल बंद पडली की पेट्रोल त्याच बाटलीतून येतं. फिनेल, रॉकेल, थिनर सगळं त्यातच. ती बाटली शेवटी भंगारवाल्याकडे जाते आणि पाण्याच्या हजार स्वच्छ बाटल्यांमध्ये मिसळते. दळून तुकडे झाल्यावर कोणता तुकडा कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या कारखान्यात हे तुकडे वितळवून पुन्हा बरणी होते, तिथे धुणं किती खोलवर झालं यावर सगळं ठरतं.

‘खोलवर’ म्हणायचं कारण असं की प्लास्टिक वरून धुतलं म्हणजे आतून स्वच्छ होत नाही. हे बघायला लॅब लागत नाही. हळदीची भाजी ठेवलेला प्लास्टिकचा डबा घ्या. साबण लावा, गरम पाणी घाला, पिवळेपणा जात नाही. हळदीचा रंग तेलात विरघळणारा असतो, तो तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत शिरलेला असतो. हिंगाच्या किंवा ठेच्याच्या डब्याचा वासही असाच राहतो. आत शिरलेली गोष्ट बाहेरही येऊ शकते, आणि तेल मिळालं की लवकर येते. अन्नात रसायन उतरणं म्हणतात ते हेच. त्याला आमच्या भाषेत मायग्रेशन म्हणतात.

आता प्लास्टिक-प्लास्टिकमध्ये मोठा फरक आहे. पेटची रचना घट्ट असते. साधारण ७५ अंशांच्या खाली ते काचेसारखं ताठ राहतं, त्यामुळे त्यातून रेणू फार सावकाश सरकतात. पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिथिलिन, म्हणजे डबे, झाकणं, कॅन, पिशव्या, ही घरातल्या तापमानाला मऊ अवस्थेत असतात. ती वास, तेल, सॉल्व्हंट पटकन शोषतात आणि तितक्याच सहज सोडतात. म्हणून रिसायकल करून पुन्हा अन्नासाठी वापरण्याच्या शर्यतीत पेट पुढे आहे. बरणीच्या बुडाशी त्रिकोणात १ असेल तर पेट, २ असेल तर एचडीपीई (पॉलिथिलिनचाच कडक प्रकार), ५ असेल तर पॉलिप्रॉपिलिन. त्या त्रिकोणाचा एक मोठा गैरसमज आहे: तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. माल नवा की रिसायकल, अन्नाला चालतो की नाही, यातलं काहीही तो सांगत नाही. बरणीवाल्याने त्रिकोण दाखवून ‘बघा, फूड ग्रेड’ म्हटलं असेल तर तिथेच थांबा.

मग तो रिपोर्ट. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक इथेच फसतात.

आपल्याकडे ओव्हरऑल मायग्रेशनची, म्हणजे एकूण किती द्रव्य उतरतं याची, चाचणी आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे होते. बरणीत खरं लोणचं भरत नाहीत, त्याच्या जागी वागणारा द्रव भरतात: पाणी, आंबट पदार्थांसाठी ३ टक्के अॅसेटिक आम्ल, तेलकटासाठी एन-हेप्टेन, अशी यादी आहे. ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवतात. बराच काळ साठवायच्या मालासाठी ४० अंशांवर १० दिवस ही ओळखीची अट. नंतर तो द्रव एका छोट्या वाटीत आटवतात. वाटी आधी वजन केलेली असते. आटल्यावर ओव्हनमध्ये वाळवून, गार करून पुन्हा वजन करतात. वाटीच्या तळाला कधी पुसटसा पांढरा कड दिसतो, कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त तराजूचा शेवटचा आकडा हलतो. वजनात जी वाढ झाली ती म्हणजे प्लास्टिकमधून उतरलेलं एकूण द्रव्य. मर्यादा आहे किलोभर अन्नामागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या चौरस डेसिमीटरमागे (१० सेंटिमीटर बाजूचा चौकोन) १० मिलिग्रॅम.

ही चाचणी चांगली आहे, पण ती नव्या प्लास्टिकसाठी विचार करून बसवलेली आहे. नव्या प्लास्टिकमध्ये काय घातलंय हे माहीत असतं, ते एकूण किती सुटतं एवढंच बघायचं असतं. रिसायकलमध्ये भीती वेगळ्याच गोष्टीची असते. एक म्हणजे पेट्रोल-थिनरसारखी उडून जाणारी द्रव्यं. वाटी आटवताना ती वाफेबरोबर निघून जातात, तराजूवर येतच नाहीत. दुसरं, घातक भेसळ अगदी थोडी असते. हिशेब करून बघा. अर्धा किलो लोणच्याच्या बरणीचं वजन २५ ग्रॅम धरा. त्या प्लास्टिकमध्ये एखाद्या कीटकनाशकाचा अंश किलोमागे ४ मिलिग्रॅम आहे असं धरा. म्हणजे पूर्ण बरणीत ०.१ मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं लोणच्यात उतरलं तरी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम झालं. मर्यादा ६०. रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘पास’ येणार. आणि अमेरिकेची अन्न-औषध नियंत्रण संस्था एफडीए रिसायकल प्लास्टिकमधून येणाऱ्या अनोळखी भेसळीसाठी रोजच्या आहारात किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम हा उंबरठा धरते. मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. ६० मिलिग्रॅमच्या जाळ्यातून काय काय सुटून जातं याचा अंदाज यावरून यावा.

म्हणून ओव्हरऑल मायग्रेशनचा रिपोर्ट लागतोच, पण रिसायकल बरणी सुरक्षित आहे हे तेवढ्याने ठरत नाही. तुमच्या हातातला रिपोर्ट पुन्हा काढा आणि चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. नमुन्याचं नाव काय लिहिलंय: ‘पेट जार’ की ‘रिसायकल पेट जार’? नुसतं ‘पेट जार’ असेल तर नव्या मालाचा नमुना पाठवलेला असू शकतो. नमुना लॅबने जाऊन घेतला की ग्राहकाने आणून दिला? तारीख कोणती, आणि तुम्हाला मिळालेल्या लॉटशी तिचा काही संबंध आहे का? कोणत्या द्रवात चाचणी झाली? मी असे रिपोर्ट बघितले आहेत ज्यात फक्त पाण्यातली चाचणी असते आणि बरणी विकली जाते लोणच्याला. असा रिपोर्ट पाण्याच्या बाटलीला ठीक. तेलासाठी त्याचा उपयोग शून्य.

रिसायकल पेट अन्नायोग्य आहे हे सिद्ध करायची रीत वेगळी आहे. तिथे बरणीपेक्षा कारखान्याच्या प्रक्रियेची परीक्षा होते. स्वच्छ पेटच्या तुकड्यांत मुद्दाम टोल्युइन, क्लोरोबेंझीन, बेंझोफेनोन अशी रसायनं मुरवतात. मग ते तुकडे धुण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या पूर्ण साखळीतून काढतात आणि शेवटी किती उरलं ते मोजतात. याला चॅलेंज टेस्ट म्हणतात. चांगल्या कारखान्यात तुकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतले जातात, आणि नंतर २०० अंशांच्या आसपास, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये, तासन्‌तास तापवले जातात. आत मुरलेली द्रव्यं तिथे बाहेर पडतात. हे यंत्र महाग असतं. रस्त्याकडेच्या शेडमध्ये दळून, धुऊन, वितळवून केलेल्या बरणीला ही पायरी मिळालेली नसते. बरणी दिसायला दोन्हीकडची जवळपास सारखी. स्वस्त बरणी स्वस्त का आहे, याचं उत्तर बऱ्याचदा याच पायरीत असतं.

कायद्याचं थोडक्यात. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांत रिसायकल प्लास्टिक अन्नासाठी बंदच होतं. २०२२ मध्ये ती तरतूद बदलली आणि रिसायकल पेटसाठी निकष आले. दार उघडलं ते पेटसाठी, तेही प्रक्रिया सिद्ध करून मान्यता मिळवणाऱ्यांसाठी. त्यामुळे रिसायकल पॉलिप्रॉपिलिनचा डबा किंवा रिसायकल पॉलिथिलिनची पिशवी कुणी ‘आता चालतं’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. अन्न आणि औषध प्रशासनाचा माणूस नमुना घ्यायला आला तर बरणीवर नाव तुमचं असतं, बरणीवाल्याचं नसतं.

पुण्याच्या दुकानदाराचा आग्रह कुठून येतो तेही सांगते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने कडक पॅकिंगमध्ये, म्हणजे बरण्या-बाटल्यांत, २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल माल आणि पुढे दरवर्षी वाढत जाणारं प्रमाण ठेवलं आहे. ही जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर आहे, आणि सूक्ष्म व लघु उद्योग असलेले ब्रँडमालक त्या यादीत येत नाहीत. तुमचा उद्योग त्या वर्गात नोंदलेला असेल तर दुकानदाराला ते नम्रपणे सांगा. अन्नसुरक्षेचा नियम बाजूला ठेवून ती टक्केवारी गाठायची असा तर त्याचा अर्थ कुठेच होत नाही.

आता तुमच्या मालाकडे येते, कारण एकच बरणी एका पदार्थाला चालते आणि दुसऱ्याला नाही. कोरडी साखर किंवा अख्खी डाळ असती तर मी इतकं ताणून धरलं नसतं. तुमच्याकडे तेल आहे, आंबट आहे, मीठ आहे, आणि माल महिनोन्‌महिने बरणीत राहणार आहे. शेंगदाण्याच्या चटणीत वरून तेल घालत नसाल, तरी दाण्याचं वजन जवळजवळ निम्मं तेलच असतं. ही चटणी कोरडी समजू नका.

उष्णता सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. तापमान वाढलं की रेणूंची सरक नुसती वाढत नाही, ती पटींनी वाढते. तासगावात एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असतं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किती असेल ते तुम्हीच हात लावून बघता. बंद टेम्पो उन्हात उभा असला तर आणखी वेगळं. युरोपात सहा महिन्यांहून जास्त ठेवायच्या मालाची चाचणी १० दिवस ६० अंशांवर करायला सांगतात ती याचसाठी. बरणी नवी असो की रिसायकल, लोणच्यावरची फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय पेटमध्ये ओतू नका. साधी पेटची बरणी ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि कडकडीत तेल त्याच्या कितीतरी वर असतं. बरणी वाकडी झाली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. माल थंड खोलीत, भिंतीपासून जरा दूर, लाकडी फळीवर ठेवा. यात काही खर्च नाही आणि फरक मोठा पडतो.

छोट्या पॅकचाही विचार करा. एक लिटरच्या घनाकृती डब्याला आतून ६ चौरस डेसिमीटर पृष्ठभाग असतो. म्हणूनच चौरस डेसिमीटरमागे १० आणि किलोमागे ६० हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. डब्याची बाजू निम्मी केली तर त्यात आठवा भाग माल बसतो, पण किलोमागे पृष्ठभाग दुप्पट होतो. शंभर-दीडशे ग्रॅमच्या छोट्या बरण्यांना रिसायकल माल वापरायचा विचार असेल तर हा हिशेब आधी.

झाकण विसरू नका. बरणी पेटची असली तरी झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलिनचं असतं आणि आत फोमची चकती असते. रिसायकल पेटची मान्यता झाकणाला लागू होत नाही. झाकण आणि चकती नव्या मालाचीच हवीत आणि तसं लिहून हवं. काचेच्या बरणीकडे वळायचा विचार असेल, तर काच उत्तमच, पण तिच्या पत्र्याच्या झाकणाच्या कडेला जी मऊ गादी असते ती बहुधा पीव्हीसीची असते आणि तिच्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य तेलात उतरतं. अशा द्रव्यांच्या एका गटाला थॅलेट म्हणतात; त्यातल्या डीईएचपीवर आपल्याकडे किलोमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेलकट मालासाठीचं झाकण म्हणून वेगळं मागा, बरणी गच्च भरू नका, आणि वाहतुकीत आडवी ठेवू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण लोणचं करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे दिसतो म्हणून लिहिते: निळा ड्रम. कैऱ्या-लिंबं मिठात मुरवायला बाजारातून जुने निळे ड्रम आणले जातात. ते एचडीपीईचे असतात आणि आधी त्यात कारखान्याचं कोणतंही रसायन असू शकतं. वरती सांगितलं तसं हे प्लास्टिक शोषून घेतं. त्यात महिना-दोन महिने मीठ, आम्ल आणि फोडी राहिल्या की बरणी कितीही चांगली घ्या, नुकसान आधीच झालेलं असतं. तुमच्याकडे असे ड्रम असतील तर रिसायकल बरणीच्या प्रश्नाआधी ते बदला. नवे, अन्नासाठी म्हणून विकले जाणारे ड्रम घ्या, किंवा जुन्या चिनी मातीच्या बरण्या, किंवा मिठाला टिकेल अशा दर्जाचं स्टील. काळ्या प्लास्टिकची भांडी आणि चमचेही मुरवणीत नकोत. काळ्या रंगाखाली कुठलाही मिश्र माल खपतो, आणि काही देशांत अशा स्वयंपाकाच्या वस्तूंमध्ये जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानातली आगरोधक रसायनं सापडली आहेत.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. बरणी धुवा, उकळून गार केलेलं पाणी भरा, झाकण लावा आणि चार-पाच दिवस उबदार जागी ठेवा. सोबत एका काचेच्या बरणीत तेच पाणी ठेवा. मग तीन सारखे ग्लास घ्या: दोनांत काचेतलं पाणी, एकात प्लास्टिकमधलं. कुठल्या ग्लासात काय आहे हे माहीत नसलेल्या चार-पाच माणसांना वास घ्यायला सांगा आणि वेगळा कोणता ते विचारा. पाणी पिऊ नका, वासच पुरे. बहुतेकांनी तोच ग्लास उचलला तर ती बरणी नाकारा, पुढे चर्चा नको. पण वास आला नाही म्हणून बरणी पास झाली असं समजू नका. पुष्कळ घातक द्रव्यांना वास नसतो. ही चाचणी फक्त नापास करायला वापरायची.

बरणीवाल्याशी बोलताना ‘फूड ग्रेड आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ हेच असतं. विचारा: रिसायकलचे दाणे कोणत्या कारखान्यातून येतात? त्या कारखान्याकडे अन्नासाठी रिसायकल पेटची एफएसएसएआय मान्यता आहे का, तिची प्रत द्या. या बरणीत रिसायकल किती टक्के, आणि बिलावर लॉट नंबर येईल का? आंबट आणि तेलकट, दोन्ही द्रवांतली याच बरणीची चाचणी, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबची, आणि जोडीला जीसी-एमएसची तपासणी आहे का? ती अनोळखी द्रव्यं शोधते, नुसतं वजन करत नाही. बरणीवर आयएस १४५३४ प्रमाणे रिसायकलची खूण आहे का? खरोखर चांगला माल विकणाऱ्याकडे ही कागदपत्रं तयार असतात, आणि विचारल्यावर तो चिडत नाही. असा पुरवठादार मिळाला तर मी तुम्हाला अडवणार नाही. तरी सुरुवात मोठ्या बरणीपासून आणि कमी तेलाच्या पदार्थापासून करा, एक हंगाम जाऊ द्या, मग लोणच्याकडे या.

राहिली ती घरातली दोन पोती. ही कागदपत्रं आली नाहीत तर परत करा. परत घेत नसेल तर खिळे, स्क्रू, बागेतलं बियाणं, काहीही ठेवा, पण घरच्या स्वयंपाकघरातही ती येऊ देऊ नका, कारण एकदा फळीवर बरणी आली की कुणीतरी तिच्यात शेंगदाणे भरतंच. आणि तुमच्याकडच्या रिपोर्टवर नमुन्याचं नाव, द्रव, तापमान आणि दिवस काय लिहिलेत ते जशाच्या तसं इथे टाका, कंपनीचं नाव झाकून. तो कशाला पुरेसा आहे आणि कशाला नाही, ते वाचून सांगते.